डाव्या पायाच्या अकरा फ्रेम

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चिमण्याच्या उजव्या कानशिलावर जो ठोसा बसला, त्याचा आवाज मामाला आवडला नाही.

ठोशांचे आवाज मामाला पाठ होते. बारा वर्षं तो रिंगच्या कोपऱ्यात बादली, टॉवेल आणि बर्फाचा डबा घेऊन उभा राहत आला होता. ग्लव्हजवर बसलेला ठोसा टाळीसारखा वाजतो, बरगडीवरचा खोकल्यासारखा, आणि नाकावरचा ओली काडी मोडावी तसा. पण हा वाजला तो शाई उडालेल्या तबल्यावर थाप पडावी तसा, बद्द. सूर नाही, गाज नाही. जणू आत कोणी ऐकायलाच नव्हतं.

चिमण्या पडला नाही. त्यानं मान झटकली, दातातलं रबर करकचून चावलं आणि परतफेड करायला डावा पाय पुढे टाकला. पाय आला, पण उशिरा आला. आधी खांदा गेला, मग कंबर गेली, आणि मग आपल्याला कोणी बोलावलंच नव्हतं अशा थाटात पाय मागून आला. त्यानंतर चिमण्यानं समोरच्या सरावाच्या गड्याला असं काही झोडपलं की तो दोरांवर ओल्या कपड्यासारखा लटकला आणि त्याच्या नाकातलं रक्त छातीवरून पोटापर्यंत गेलं. तालमीतली सगळी पोरं ओरडली.

"असा हवा," वस्ताद म्हणाले.

पायाकडे कोणी पाहिलं नाही. मामानं पाहिलं.

चिमण्या हा वस्तादांचा मुलगा आणि मामाचा सख्खा भाचा. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून चिमण्या. आता चोवीस वर्षांचा आणि ऐंशी किलोचा झाला तरी नाव तेच राहिलं होतं. समोरच्या कोपऱ्यातून कोणी या नावाला हसलं की चिमण्याचा पहिला ठोसा त्यालाच ठरलेला असायचा. वस्ताद म्हणजे मामाचे दाजी. तालीम त्यांची, शिट्टी त्यांची, शब्द त्यांचा. मामाकडे दोन कामं होती. सकाळी जखमा आणि दुपारी व्हिडिओ.

जखमांचं काम असं की दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळतं, तेवढ्यात फुटलेलं बंद करायचं. शिवायचं नाही, शिवणं डॉक्टरचं. मामा औषधाचा बोळा भुवईत खुपसायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि तोंडानं देवाचं नाव घ्यायचा. घड्याळ बघायला डोळे मोकळे नसतात. ठरावीक लयीत चाळीस नावं झाली की रक्त थांबलेलं असायचं. सुजलेल्या गालावर फिरवायला त्याच्याकडे हातात मावेल एवढी पोलादी इस्त्री होती, कायम बर्फात ठेवलेली. लोक म्हणायचे, मामाच्या अंगठ्यात काहीतरी आहे. मामा म्हणायचा, माझ्या अंगठ्यात मळ आहे, थांबवणारा वेगळाच आहे.

आणि दुपारचं काम जिन्याखालच्या खोलीतलं. बारा वर्षांपूर्वी वस्तादांनी एका कंपनीचे चार कॅमेरे आणि कंपनीचाच प्रोग्रॅम बसवून घेतला होता. काय नव्हतं त्यात. ठोसे मोजायचा, हातापायांवर रेषा काढायचा, कोण कुठे दमला ते सांगायचा. प्रत्येक लढत, प्रत्येक सराव त्यात जायचा. गिळला की कॅमेऱ्याचं कार्ड प्रोग्रॅम स्वतःच पुसून टाकायचा. जे आत गेलं ते त्या प्रोग्रॅममध्येच उघडायचं, दुसरीकडे कुठे नाही. पूर्वी एका कोपऱ्यात 'बाहेर काढा' असं बटण होतं. मामानं ते बारा वर्षांत एकदाही दाबलं नाही. घरातलंच तर आहे, बाहेर कशाला काढायचं, असं त्याला वाटायचं. गेल्या महिन्यात कंपनीनं प्रोग्रॅम बदलला आणि ते बटण राखेच्या रंगाचं झालं. दाबलं तरी दबेना.

मंगळवारी दुपारी मामानं सकाळचा सराव लावला. तो क्षण गाठला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बसला. खांदा निघतो, पाय जागेवर. कंबर निघते, पाय जागेवर. मामानं मोजलं. अकरा फ्रेम. मग गेल्या वर्षीच्या लढती काढल्या, त्याआधीच्या काढल्या. दोन फ्रेम, दोन, दोन, एक. तीन महिन्यांपूर्वी चार. मागच्या महिन्यात सात. प्रत्येक वेळी उजव्या कानशिलावर काही बसल्यानंतरच.

असा पाय त्यानं पूर्वी एकदा पाहिला होता, दुसऱ्या एका तालमीतल्या गड्याचा, ज्याच्या कोपऱ्यात त्या दिवशी मामाला बोलावलं होतं. तोही पडला नव्हता. पाचव्या फेरीनंतर स्टुलावर बसला, पाणी प्यायला, आणि उठलाच नाही. त्याची भुवई तेव्हा मामाच्याच अंगठ्याखाली होती. रक्त थांबलं होतं. माणूसही थांबला होता.

शनिवारी चिमण्याची लढत होती. जिंकला तर मोठ्या संघात जागा.

बुधवारी सकाळी मामानं वस्तादांना जिन्याखाली नेलं आणि अकराच्या अकरा फ्रेम दाखवल्या. वस्तादांनी हाताची घडी घालून पाहिलं.

"मग?"

"पाय उशिरा येतोय दाजी."

"दमला असेल."

"पहिल्या फेरीत?"

वस्तादांनी वाकून कोपऱ्यातलं दुसरं पान उघडलं. तिथे प्रत्येक खेळाडूचं एक वर्तुळ असायचं. चिमण्याचं वर्तुळ हिरवंगार होतं. खाली लिहिलं होतं, लढतीस सज्ज, चौऱ्याण्णव टक्के.

"हे बघ. हे कंपनीचं यंत्र आहे. लाखभर लढती बघून शिकलंय. तू किती बघितल्यास?"

"मी एकाच पोराच्या बघितल्यात."

"तेच म्हणतोय मी."

"यंत्र ठोसे मोजतं दाजी. आपल्याला मार किती लागला ते मोजतच नाही. त्यानं मंगळवारी त्या पोराला मरणाचा मारला म्हणून हे हिरवं झालंय."

वस्तादांनी मामाची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला टेकवलं. फार जोरात नाही. दाराला कडी घालावी तसं.

"माझ्या पोराच्या कानात यातला एक शब्द गेला ना, तर तुझं थोबाड फोडीन. शंका घेऊन रिंगमध्ये गेलेला गडी मरतो. हे तुला यंत्रानं सांगायला नको."

चिमण्याच्या कानात मामानं घातलंच. चिमण्या उड्या मारायची दोरी फिरवत होता.

"मामा, कंपनीनं चौऱ्याण्णव दिलेत मला. शाळेत कधी चाळीसच्या वर गेलो नाही मी. एवढं तरी सुख घेऊ दे."

"पायाला मुंग्या येतात का रे?"

दोरी एकदा अडखळली. मग पुन्हा फिरू लागली.

"तुझ्या तोंडाला येतात बघ," चिमण्या म्हणाला.

आता उरला एकच मार्ग. लढतीआधी मुष्टियुद्ध मंडळाच्या डॉक्टरबाई प्रत्येकाला तपासतात. त्यांनी नाही म्हटलं की वस्तादही गप्प आणि कंपनीही गप्प. पण त्यांना दाखवायचं कसं. मामानं गुरुवारी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"आपला व्हिडिओ पूर्णपणे सुरक्षित आहे सर."

"सुरक्षित आहे ते मला दिसतंय. मला तो बाहेर हवाय."

"बाहेर म्हणजे सर?"

"बाहेर म्हणजे बाहेर. डॉक्टरांच्या हातात."

"डॉक्टर आमचे सभासद आहेत का?"

"डॉक्टर हे डॉक्टर आहेत."

"मग त्यांना सभासद करून घ्या सर. अर्ज केला की पंधरा दिवसांत मंजुरी येते."

"लढत परवा आहे."

"शुभेच्छा सर."

"अहो, पोराचा जीव आहे त्यात. कापून द्या, धुवून द्या, काळंपांढरं द्या, पण त्या दहा सेकंदांचा तुकडा द्या."

"मी आपली भावना वर कळवते. खातं आपल्याच नावावर आहे ना सर?"

खातं वस्तादांच्या नावावर होतं. मामानं फोन ठेवला आणि भिंतीवर बुक्की मारली. बोटांची सालं निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुक्क्यांची सालं पुसणारा माणूस. स्वतःची निघाली तेव्हा त्याला ती परक्याची वाटली. तरी त्यानं आपला फोन पडद्यासमोर धरला आणि तो तुकडा पडद्यावरून उतरवून घेतला. वर अकरा फ्रेमचे अकरा फोटोही काढले.

शनिवारी दुपारी साडेबाराला तो हॉलवर पोचला. डॉक्टरबाई एका लांबट खोलीत टेबल मांडून बसल्या होत्या. वय पन्नाशीचं, केस आखूड, बोलणं सरळ. त्यांनी फोन घेतला, चष्मा वर केला, चार वेळा पाहिलं.

"मला पट्टे दिसतायत."

"पट्ट्यांच्या मागे पाय आहे बाई. डावा."

"हलतोय की."

"पडद्यावरून काढलंय ना, मधल्या फ्रेम गळल्यात. हे फोटो बघा. अकराही फोटोंत पाय जागेवर आहे."

"काका, उभ्या माणसाचे अकरा फोटो काढले तर अकराही फोटोंत पाय जागेवरच असणार. मध्ये वेळ किती गेला ते यात कुठे आहे?" त्यांनी फोन परत दिला. आवाजात चीड नव्हती. "तो आत्ताच येऊन गेला. रेषेवर चालला, डोळे मिटून उभा राहिला, बोटं मोजली. सगळं नीट. इथे दर लढतीला एक मामा नाहीतर एक काका येतो आणि आज खेळवू नका म्हणतो. मला मूळ चित्रण दाखवा, मी पाच मिनिटांत थांबवते. पण इथे आणून दाखवा. चौदा लढती आहेत, मी ही खोली सोडू शकत नाही."

चिमण्याची लढत दुपारी तीनला होती. मामा धावत तालमीत गेला, जिन्याखालच्या खोलीतल्या वायरी मुळासकट उपटाव्या तशा ओढल्या आणि ते यंत्र पडद्यासकट छातीशी धरून परत निघाला. पत्र्याची कड कोपराला कापत होती. वाटेत दोनदा ठेचकाळला. दोन वाजता हॉलच्या मागच्या बोळात, डॉक्टरबाईंच्या दारापासून वीस पावलांवर, त्यानं यंत्र एका बाकड्यावर ठेवून भिंतीतल्या सॉकेटला लावलं.

पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली. नवीन जागा आढळली. आपल्या सुरक्षिततेसाठी मालकाच्या फोनवर सहा आकडे पाठवले आहेत.

मामानं वर पाहिलं. बोळाच्या टोकाला वस्ताद उभे होते, हातात फोन. आकडे त्यांच्यापर्यंत पोचलेले होते.

"माझ्या खोलीत शिरून माझं यंत्र उपटलंस," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"आकडे सांगा दाजी. डॉक्टरबाई बघतील. त्या खेळू दे म्हणाल्या तर मी स्वतः त्याच्या हातांना पट्ट्या बांधीन."

वस्तादांनी अंगठ्यानं तो निरोप बाजूला सारला, पुसला, फोन खिशात घातला. मामा त्यांच्या मनगटावर तुटून पडला. साठीतला एक आणि पन्नाशीतला एक, दोघं त्या अरुंद बोळात भिंतींवर आपटत राहिले. मामानं खिसा फाडला, फोन हाती आला, तेवढ्यात वस्तादांचा उजवा हात त्याच्या पोटात गेला. जुना ठोसा, ज्यावर कधीकाळी हॉल उभे राहायचे. मामा दुमडला. त्याच्या तोंडातून सकाळचा चहा बाहेर आला. वस्तादांनी त्याला केसांना धरून एकदा भिंतीवर आपटलं, फोन उचलला, आणि हात पुसत चिमण्याच्या खोलीकडे गेले.

मामा कसाबसा उठला. पडद्यावर अजून सहा रिकाम्या चौकटी लुकलुकत होत्या. खाली लिहिलं होतं, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.

कोपऱ्यात लोखंडी स्टूल होतं. मामानं ते डोक्यावर उचललं आणि हाणलं. पडदा फुटला. पुन्हा हाणलं, पत्रा आत गेला. तिसऱ्या घावाला आतल्या हिरव्या पट्ट्या तडतडल्या आणि जळका वास सुटला. तो मारतच राहिला. माणसाला मारतात तसा, नाव घेऊन घेऊन, कंपनीचं नाव, गोड आवाजाचं, हिरव्या वर्तुळाचं, आणि शेवटी स्वतःचं, कारण ते बटण बारा वर्षं समोर असून न दाबणारा तोच होता. दम लागल्यावर थांबला. पायापाशी काचा आणि पत्रा होता. आत काय होतं? काही नव्हतं. ती नुसती खिडकी होती. चिमण्याची बारा वर्षं कंपनीच्या घरी सुखरूप होती, कोणालाही हात लावता येणार नाही अशी.

त्यानं बहिणीला, चिमण्याच्या आईला, फोन लावला. ताई कधीच लढतीला यायची नाही. लढतीच्या वेळी ती घरी शिवणयंत्रावर बसायची आणि भरधाव शिवायची, म्हणजे फोन वाजला तरी कळू नये. आज तिनं उचलला.

"ताई, चिमण्याच्या डोक्यात काहीतरी झालंय. माझ्याकडे पुरावा होता, तो आता... तुला दाखवता आलं असतं तर."

पलीकडची शिवणयंत्राची घरघर थांबली.

"तू पाहिलंस ना स्वतःच्या डोळ्यांनी?"

"पाहिलं."

"मग मला काय दाखवतोस? माझा काय संबंध त्या पडद्याशी? तू पाहिलंस, म्हणजे झालं. थांबव."

"कसा थांबवू?"

"ते मला माहीत नाही. तू त्याचा मामा आहेस."

तीनला पंचवीस मिनिटं कमी होती. चिमण्याच्या खोलीत नेहमीचं चाललं होतं. तो स्टुलावर बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या, ग्लव्हज अजून टेबलावर होते. वस्ताद त्याच्यासमोर उभे राहून खालच्या आवाजात डाव सांगत होते. मामा दारात आला तसे ते वळले.

"तू बाहेर."

"असू दे बाबा," चिमण्या म्हणाला. "माझ्या भुवया दुसऱ्या कोणी माखलेल्या मला चालत नाहीत. मामा, तुझ्या कपाळाला काय झालं?"

"भिंत मध्ये आली," मामा म्हणाला.

चिमण्या हसला. वस्ताद बाजूला झाले, पण दोन हातांच्या अंतरावरच राहिले. मामानं डबा उघडला. लढतीआधी भुवयांवर, गालांच्या हाडांवर व्हॅसलीन चोपडतात, म्हणजे ठोसा घसरतो आणि कातडी फाटत नाही. हे काम मामानं या चेहऱ्यावर शेकडो वेळा केलं होतं. भुवई कुठे जाड आहे, कुठे हाड धारेसारखं वर आलंय, कुठल्या जुन्या व्रणाखाली नुसता कागद उरलाय, हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. फुटलेल्या भुवईनं कोणीही रिंगमध्ये जाऊ शकत नाही. त्यासाठी व्हिडिओ लागत नाही. ते रक्त कुठल्याही प्रोग्रॅमशिवाय दिसतं.

"डोळे मिट," मामा म्हणाला.

चिमण्यानं डोळे मिटले आणि चेहरा वर केला, दाढी करायला बसल्यासारखा, पूर्ण विश्वासानं. तेवढ्याच एका गोष्टीनं मामाचा हात थांबला. देवा, तो मनात म्हणाला, हा हात तुझाच आहे असं मी बारा वर्षं सांगत आलो. आज तो माझा एकट्याचा आहे, तू बघू नकोस. त्यानं बर्फातली पोलादी इस्त्री मुठीत घेतली, तिची कड बाहेर ठेवली, आणि चिमण्याच्या डाव्या भुवईवर, जुन्या व्रणावर, सगळा जोर लावून हाणली.

कातडी फाटली. दोन बोटं लांब, हाडापर्यंत. क्षणभर पांढरं दिसलं आणि मग रक्ताचा लोट डोळ्यावरून, गालावरून, हनुवटीवरून पांढऱ्या पट्ट्यांवर आला.

खोलीत कोणालाच काही कळलं नाही. चिमण्यालाही नाही. त्यानं हात चेहऱ्याला लावून पाहिला आणि एका डोळ्यानं मामाकडे बघितलं. मामाच्या मुठीत इस्त्री तशीच होती.

"तू?" चिमण्या म्हणाला.

मग तो उठला. पहिला ठोसा मामाच्या तोंडावर बसला आणि वरचा एक दात जिभेवर आला. दुसरा बरगड्यांत बसला. आत काहीतरी काटकन मोडलं. मामा भिंतीवरून घसरत खाली आला, पण त्यानं हात वर केले नाहीत. वस्ताद दोघांच्या मध्ये पडायला धावले, पण त्यांना नेमकं कोणाला आवरायचं तेच ठरवता येईना. ते मामाच्याही पेकाटात लाथ घालत होते आणि मुलाचाही दंड ओढत होते. टेबल उलटलं, बर्फाचा डबा फुटून तुकडे जमिनीवर सांडले. बाहेर कोणीतरी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरबाई दारात आल्या तेव्हा चिमण्या बापाला झिडकारून तिसऱ्यांदा येत होता. खांदा निघाला. कंबर निघाली. डावा पाय निघालाच नाही. ऐंशी किलोचा तो देह स्वतःच्याच पायावरून पुढे कोसळला आणि बर्फाच्या चुऱ्यात गुडघ्यावर आला. त्यानं उठायचा प्रयत्न केला. उजवी बाजू उठली, डावी तिथेच राहिली. तो पुन्हा पडला.

"कोणीही हात लावू नका त्याला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. भुवईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याकडे बघ. मागे टेकून बस. हं. आता डावा पाय उचल."

"उचललाय," चिमण्या म्हणाला.

पाय जमिनीवर होता.

"अजून थोडा उचल."

"उचललाय की बाई, आता काय डोक्यावर घेऊ?"

वस्तादांनी हे पाहिलं. त्यांच्या आणि त्या पायाच्या मध्ये आता काच नव्हती, रेषा नव्हत्या, टक्के नव्हते. ते हळूहळू खाली बसले. मुलाचा डावा बूट त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याची नाडी सोडायला लागले. गाठ सुटेना, तर दातांनी सोडवू लागले.

"गाडी बोलवा," डॉक्टरबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या. "मेंदूचे सर्जन असतील तिथे न्यायचं, जवळ कुठेतरी नाही. आणि लगेच." मग त्यांची नजर मामावर गेली. भिंतीला टेकलेला, तोंड रक्तानं भरलेलं, मांडीवर स्वतःचा दात. "भुवई तुम्ही फोडलीत?"

मामानं होकारार्थी मान हलवली.

"त्यावरून तुमच्यावर कारवाई होईल. कोपऱ्यात पुन्हा उभं राहता येणार नाही तुम्हाला."

"होऊ दे," मामा म्हणाला. शब्द नीट उमटले नाहीत. तो रांगत चिमण्यापाशी गेला, खिशातून बोळा काढला, औषधात बुडवला आणि भुवईतल्या फटीत घालून अंगठा दाबला. चिमण्यानं तो हात उडवायला आपला हात वर केला. हात अर्ध्यात थकला.

गाडी आली. चौघांनी चिमण्याला स्ट्रेचरवर घेतलं. पायथ्याशी वस्ताद होते, एक बूट बगलेत धरून. बोळातून जाताना फुटक्या यंत्राच्या काचा सगळ्यांच्या पायाखाली करकरल्या. कोणी खाली पाहिलं नाही. चिमण्याचा आवाज आता जड झाला होता, जीभ शब्दांत अडकत होती, पण राग शाबूत होता.

"मामा, हात काढ. मला तुझं तोंड बघायचं नाही."

"नको बघूस. डोळे मिट," मामा म्हणाला, आणि मोडकी बरगडी एका हातानं धरून, दुसऱ्या हाताचा अंगठा तसाच दाबून स्ट्रेचरबरोबर चालत राहिला.